वर्गाबाहेरच्या खुर्च्या

आमच्या शाळेत हस्तकलेला फार मान होता. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवलेल्या महागड्या भांड्यांना असतो तसा. दिसायची सगळ्यांना, हात कोणी लावायचा नाही. वेळापत्रकात शुक्रवारचा शेवटचा तास ‘कार्यानुभव’ म्हणून छापलेला असे आणि त्या तासाला मी सहावीच्या वर्गाला दशांश अपूर्णांक शिकवत असे. माझं गणित कायम मागे पडलेलं असायचं. कार्यानुभव कधी मागे पडत नसे, कारण तो कधी सुरूच होत नसे.

तरी हस्तकलेचे गुण सगळ्यांना मिळत. सत्र संपताना प्रत्येकाने स्वतःच्या हाताने केलेली एक वस्तू घरून आणायची, असा नियम होता. वस्तू फार सुरेख असत. आइस्क्रीमच्या काड्यांची घरं, बाटल्यांचे दिवे, लोकरीचे ससे. त्या आठवड्यात मुलांच्या आयांच्या बोटांना चिकटपट्ट्या लावलेल्या दिसत. एकदा एक वडील तणतणत आले. त्यांच्या दिव्याला दहापैकी सात आणि शेजारच्यांच्या दिव्याला साडेआठ, हा कुठला न्याय? “दोन रविवार घातलेत मी त्यात, बाई!” मी त्यांना नऊ दिले. मेहनती गृहस्थ होते.

अशा शाळेत एक खराखुरा कारागीर आला तो आमच्या दूरदृष्टीमुळे नाही. तो आला अध्यक्षांच्या वजनामुळे.

आमच्या सभागृहात शंभरेक लाकडी खुर्च्या होत्या, बैठक वेताने विणलेल्या. पाठीवर संस्थापकांचं नाव कोरलेलं, म्हणून टाकता येत नव्हत्या. वेत सुकून तडकलेला, म्हणून वापरताही येत नव्हत्या. समारंभाला मात्र पहिली रांग त्यांचीच लागे. त्या वर्षी संस्थेचे अध्यक्ष ‘हाताला काम नसेल तर शिक्षण अपुरं’ या विषयावर पाऊण तास बोलले, टाळ्या घेतल्या आणि समाधानाने बसले. बसले ते बसतच गेले. गुडघे हनुवटीला लागले आणि बाकीचे अध्यक्ष खुर्चीच्या चौकटीत अडकले. व्यायामाच्या सरांनी खुर्ची धरली, दोघांनी काखेत हात घालून अध्यक्षांना उपसलं. पाच मिनिटं का होईना, आमच्या सगळ्यांच्या हाताला काम मिळालं.

पुढच्याच सोमवारी वेतवाले काका आले.

साठी कधीच उलटलेली, उंच आणि थोडे पुढे झुकलेले. साधी पँट, बाह्या दुमडलेला शर्ट, दोऱ्याने गळ्यात अडकवलेला चष्मा. बोटांची टोकं इतकी फुटलेली, की हजेरीच्या वहीत अंगठा घ्यायची वेळ आली असती तर नुसत्या भेगाच उमटल्या असत्या. सही मात्र ते वळणदार करत. चौथीपर्यंत शिकले होते. पुढे का नाही, असं मी एकदा विचारलं, तेव्हा ते वेताची पट्टी दाताखालून ओढून मऊ करत होते. ती बाजूला ठेवून म्हणाले, “बाप वेताचं काम करायचा. शाळेला छड्याही तोच पुरवायचा. मास्तर मला हाणायचे ते आमच्याच घरच्या मालाने. छडी मोडली, की दुसऱ्या दिवशी मीच नवीन घेऊन जायचो. एक दिवस नेली नाही. मग मीही गेलो नाही.”

वयाच्या दहाव्या वर्षापासून त्यांनी खुर्च्या विणल्या. कचेऱ्यांच्या, दवाखान्यांच्या, वकिलांच्या. मग साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि वेताच्या खुर्च्यांचे मालक एकेक करून शहाणे झाले. काकांनी अकरा वर्षं एका बँकेच्या दारात पहारा केला. “कशावर बसून?” मी विचारलं. “त्या प्लॅस्टिकच्याच खुर्चीवर,” ते म्हणाले. बायको वारलेली. एकुलती एक मुलगी दवाखान्यात परिचारिका होती आणि बापलेक टायरच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत राहत.

त्यांना बसवायचं कुठे, यावर आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बराच विचार केला. अडगळीच्या खोलीत उजेड नव्हता. अंगणात बसवलं तर फाटकातून येणाऱ्या पालकांच्या नजरेला पडले असते. “शाळेत कोणी काम करताना दिसलं की बरं दिसत नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या. शेवटी मागच्या व्हरांड्यात, माझ्या सहावीच्या वर्गाबाहेर, त्यांना जागा मिळाली. पाण्याची बादली, तीत भिजत घातलेल्या वेताच्या पट्ट्या, लाकडी खुंट्यांचा डबा, भोकं साफ करायचा टोचा आणि पाठीमागे खुर्च्यांची चळत.

वर्गाबाहेरची ती जागा आधीपासून दुसऱ्या एका उपयोगाची होती. गृहपाठ न केलेली, बडबडणारी, खिडकीबाहेर बघणारी मुलं मी तिथे उभी करत असे. छडीवर बंदी आल्यापासून आम्ही शिक्षक फार मायाळू झालो होतो. मुलांना मारत नव्हतो, नुसतं शिक्षणाबाहेर काढत होतो.

तिथली कायमची रहिवासी म्हणजे भिंगरी. हे नाव मुलांनी ठेवलेलं. सहा मिनिटांच्या वर ती बाकावर टिकत नसे. पाय हलायचे, पेन फिरायचं, पुढच्या मुलीची वेणी सुटायची. त्या मंगळवारी मी फळ्यावर समांतर रेषा काढायच्या आतच तिला बाहेर पाठवलं. खिडकी उघडी होती. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

“काका, पुढच्या दांडीला किती भोकं आहेत?”

“मोज.”

“एकोणीस. मागे पंधराच आहेत. चार कमी पडली.”

“पडू देत.”

“मग पुढच्या चार पट्ट्या मागे कुठे जाणार?”

“तुला शिक्षा झालीय ना? मग गप उभी राहा की.”

ती गप्प राहिली. तिच्या मानाने बराच वेळ, म्हणजे अर्धं मिनिट. मग म्हणाली, “मधल्या भोकापासून सुरू करायचं ना? मग दोन्हीकडे दोन-दोन उरतील. त्या बाजूच्या दांड्यांत घालायच्या. पण वाकवायच्या नाहीत. शेजारचीच्या बरोबरीने सरळ न्यायच्या, जिथे संपेल तिथे संपेल.”

टोच्याचा आवाज थांबला. “कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही. दिसतंय की!”

त्याच वेळी आत मी लिहीत होते, ‘दोन समांतर रेषांमधील अंतर सर्वत्र समान असते.’ अडतीस मुलं ते वहीत उतरवत होती. ज्या एकीला ते कळलं होतं तिला मी बाहेर काढलेलं होतं. अशा वेळी कर्तव्यदक्ष शिक्षकाने जे करावं ते मी केलं. आवाज येतो म्हणून खिडकी लावून घेतली.

काकांना मुलं आवडत होती असा कुणाचा समज नसावा. भिंगरीला त्यांनी दोन दिवस नुसतं पट्टीचं टोक धरायला लावलं. तिसऱ्या दिवशी एक मोडकी चौकट तिच्यापुढे ढकलली. “आधी उभ्या. मग त्यांच्यावर आडव्या. परत उभ्या, परत आडव्या. मग दोन तिरक्या. शेवटी काठ. चकाकती बाजू वर. चुकलीस तर माझ्याकडे बघू नकोस.”

ती चुकली, अर्थात. तिरक्या पट्टीला एका ठिकाणी वरून जायचं असतं आणि लगेच खालून. तिने उलटं केलं आणि तीन ओळी तशाच पुढे नेल्या. काकांनी एक नजर टाकली. “उसव.”

“काका, एवढंसंच चुकलंय!”

“तू ओढून बघ. सरकतेय?”

“अडकतेय.”

“मग मला कशाला विचारतेस? ती सांगतेय ना तुला.”

भिंगरीने डोळे पुसत तीन ओळी उसवल्या. मी हे दारातून बघत होते. माझ्या वर्गात ती चुकली, की मी लाल पेनाने फुली मारत असे. ती फुली बघून वही मिटत असे आणि आम्ही दोघी आपापल्या कामाला लागत असू. इथे ओरडणारं कोणी नव्हतं आणि फुलीही नव्हती. नुसती एक पट्टी अडकली होती आणि पोरगी चौथ्यांदा तीच ओळ विणत होती. चाळीस मिनिटं झाली तरी पाय हलला नव्हता. माझ्या दहा वर्षांच्या अनुभवाला हे धरून नव्हतं, त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही.

पुढच्या आठवड्यापासून वर्गात शिस्तीचा अभूतपूर्व ऱ्हास सुरू झाला. रोज पाच-सहा मुलांचा गृहपाठ नसे. एकदा संशय येऊन एकाचं दप्तर उघडलं, तर गृहपाठ पूर्ण केलेली वही तळाशी दडवून ठेवलेली सापडली. मुलं अभ्यास करत होती आणि तो लपवत होती. आमच्या वर्गाचा पहिला नंबर, ज्याला जन्मात कुणी रागावलं नव्हतं, तो मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत येऊन उभा राहिला. रडवेला झाला होता.

“बाई, मला एकदा तरी बाहेर काढा ना.”

“अरे, पण तू काही केलंच नाहीस!”

“मग काय करू, सांगा. मी करतो.”

मी त्याला उद्धटपणे बोलायला सांगितलं. त्याला ते नीट जमलं नाही, पण प्रयत्न चांगला होता म्हणून बाहेर काढलं. काकांनी त्याला एक चौकट दिली. त्याने बसल्याबसल्या विचारलं, “काका, याचे मार्क आहेत का?”

“आहेत. विणून झालं, की तिच्यावर बसायचं. खाली पडला नाहीस तर पास.”

पहिला नंबर दोनदा पडला. घरी त्याने ते सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा नापास झालेल्या मुलाचा चेहरा इतका खूश का, हे त्याच्या आईवडिलांना कळेना आणि तिथून सगळं बिनसलं.

वडील शाळेत आले. हे तेच, दिव्यावर दोन रविवार घालवलेले. मोठ्या बाई, मी आणि ते, असे तिघे व्हरांड्यात गेलो. सात मुलं बसली होती. एक बादलीत हात घालून पट्ट्या निवडत होता, बाकीच्यांची डोकी खाली.

“आम्ही मुलाला डॉक्टर व्हायला पाठवतो, सुतार व्हायला नाही!” ते गरजले.

काका विणता विणता म्हणाले, “सुतार वेगळा, साहेब. हे वेतकाम.”

“याच्या बोटाला काय झालंय बघा! कापलंय!”

“कापलं, मग त्याने पट्टी उलटी धरायची सोडली,” काका म्हणाले. “आता नाही कापत.”

मोठ्या बाईंनी वडिलांची माफी मागितली, चहा पाजला आणि त्याच दिवशी सूचना काढली. यापुढे शिक्षा वर्गाच्या आतच देण्यात याव्यात. व्हरांड्यात फक्त काका राहिले. मुलं खिडकीच्या गजांना नाकं लावून बघत, तर खिडक्यांच्या खालच्या काचांना कागद चिकटवले. भिंगरी पुन्हा भिंगरी झाली.

असे पंधरा दिवस गेले आणि वरून परिपत्रक आलं.

परिपत्रकात लिहिलं होतं, की पारंपरिक हस्तकलांचे बालशिक्षणातील मूल्य अनन्यसाधारण असून त्यांतून बालकांची एकाग्रता, निर्मितिक्षमता आणि श्रमप्रतिष्ठा वाढीस लागते. सबब प्रत्येक शाळेने स्थानिक कारागिराच्या साहाय्याने उपक्रम राबवावा आणि छायाचित्रांसह अहवाल ठेवावा. तपासणी तीन आठवड्यांनी. मोठ्या बाईंनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्या वाचनात त्यांचं मतपरिवर्तन झालं.

“अहो बाई,” त्या मला म्हणाल्या, “आपण तर हे कधीपासून करतोय!”

खिडक्यांचे कागद निघाले. मला वाटलं, आता मुलं पुन्हा बाहेर जातील. पण मी भाबडी. एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीत मुलांना असंच कसं सोडायचं? एक तज्ज्ञ मॅडम बोलावण्यात आल्या. त्यांनी हस्तकला-शिक्षणात मोठी पदवी घेतली होती आणि नखं फार जपली होती. त्यांनी पडद्यावर गोल, बाण आणि पायऱ्या दाखवून सिद्ध केलं, की मूल विणतं तेव्हा त्याच्या मेंदूचे दोन्ही भाग विणले जातात. काकांनाही बसवलं होतं. त्यांनी शेवटी एकच प्रश्न विचारला, “मॅडम, तुम्ही वेत किती वेळ भिजवता?”

मॅडम हसून म्हणाल्या, “आपण वेत वापरणारच नाही आहोत, काका. बोचतो.”

वेताऐवजी आले संच. पुठ्ठ्याची छोटी चौकट, यंत्राने पाडलेली भोकं, भोकांना आकडे, आणि रंगीत प्लॅस्टिकच्या फिती. एक नंबरच्या भोकातून काढून एक नंबरच्याच भोकात घालायची. चुकायची सोयच नव्हती. वेळ पंचवीस मिनिटं, आणि शेवटी प्रत्येकाला चांदणी. ज्याचं पूर्ण झालं नाही त्यालाही चांदणी, प्रयत्नांची. भिंगरीने बारा मिनिटांत संच संपवला, चांदणी नाकाला चिकटवली आणि उरलेल्या तेरा मिनिटांत शेजारच्या तिघांच्या फिती एकमेकींत गुंतवून ठेवल्या.

काकांचा प्रश्न वेगळाच होता. त्यांची पँट. “पारंपरिक कारागीर वाटत नाहीत हो,” असं मॅडमचं मत पडलं. कुठल्याशा नाटकमंडळीकडून आरशांचं जाकीट, झुबकेदार टोपी आणि रुंद कमरपट्टा भाड्याने आणला. काकांनी जाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं.

“हे कोण घालायचं?”

“तुमचे वाडवडील, काका!”

“माझा बाप अर्ध्या चड्डीत काम करायचा,” काका म्हणाले. “ती आणू का?”

तो विषय तिथेच संपला. पँटवर तडजोड झाली; फक्त मागे मोठा फलक लावायचा ठरलं.

तपासणीच्या दिवशी सगळं झकास झालं. फलकाखाली काका, त्यांच्याभोवती गोलात मुलं, मुलांच्या हातात संच आणि प्रत्येक संच आधीच पूर्ण केलेला, कारण साहेबांसमोर उगाच घोळ नको. अधिकारी साहेब बघून प्रसन्न झाले. त्यांनी काकांना विनंती केली, “हस्तकलेचं शैक्षणिक मूल्य आमच्या मुलांना दोन शब्दांत सांगा.”

काका उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“ते मला नाही माहीत, साहेब,” ते म्हणाले. “खुर्ची विणली, की माणूस बसतो. बसणाऱ्याला खाली बघावं लागू नये, एवढंच आम्ही बघतो. पोरं बरी होती. कुरकुर करायची, पण परत करायची. पण ही ती खुर्ची नाही.” त्यांनी एका मुलाच्या हातातला पुठ्ठा घेतला आणि त्याच्यावर तळवा दाबला. पुठ्ठा मधोमध दुमडला. “यावर कोण बसणार?”

मग साहेबांनी जोरात टाळ्या वाजवल्या. “वा! किती साधी माणसं असतात ही!” आणि सगळ्यांनीच वाजवल्या. काका टाळ्या थांबेपर्यंत पुठ्ठा सरळ करायचा प्रयत्न करत राहिले.

साहेबांच्या अहवालाची फळं आम्हाला लवकरच मिळाली. शाळेत हस्तकला-मार्गदर्शकाचं पद मंजूर झालं. काकांनी अर्ज करावा म्हणून मी त्यांच्या मागे लागले. अर्जही मीच भरला. शैक्षणिक पात्रता या रकान्यात ‘चौथी’ लिहिलं आणि अनुभव या रकान्यात ‘पंचावन्न वर्षं, मधली अकरा बँकेत’. अर्ज छाननीतच बाद झाला. पद तज्ज्ञ मॅडमना मिळालं, कारण पात्रता त्यांच्याकडे होती आणि खुर्च्या विणायच्या असं पदाच्या वर्णनात कुठेही लिहिलं नव्हतं.

आणि प्रयोगशील शिक्षक म्हणून पुरस्कार मिळाला मला. मोठ्या बाईंनी अहवालात लिहिलं होतं, की वर्गात न रमणाऱ्या बालकांना हेतुपुरस्सर वर्गाबाहेर पाठवून कारागिराच्या सान्निध्यात ठेवण्याचा अभिनव प्रयोग आमच्या गणिताच्या बाईंनी राबवला. मी ते नाकारायला हवं होतं. मी नवा ड्रेस शिवून घेतला. व्यासपीठावर गेले, चौकटीत बसवलेलं मानपत्र घेतलं आणि दोन वाक्यांत आभार मानले, त्यात काकांचं नाव नव्हतं. घाईत राहिलं, असं मी घरी सांगितलं. घाई नव्हती.

त्यानंतर महिन्याभरात काकांचं काम संपलं. शंभर खुर्च्या उभ्या राहिल्या, पिवळ्याधमक, बोट मारलं की वाजणाऱ्या. इतक्या सुंदर दिसायला लागल्या, की मोठ्या बाईंनी त्या भिंतीला लावून पुढे दोरी बांधली आणि पाटी लावली, ‘बसू नये’. काकांनी जाताना ती पाटी वाचली. दोरी ओलांडून कडेच्या खुर्चीवर बसले, डबा उघडला, शांतपणे जेवले, आणि हात धुऊन निघून गेले.

ते मानपत्र मी कपाटात ठेवलं होतं. दोन रविवार ते तिथे राहिलं. तिसऱ्या रविवारी मी ते पिशवीत घालून टायरच्या दुकानामागे गेले. काय म्हणायचं ते ठरवलं नव्हतं.

दार काकांनी उघडलं आणि आधी ओठांवर बोट ठेवलं. मुलगी रात्रपाळी करून आली होती, आतल्या खोलीत झोपली होती. बाहेरची खोली एवढीशी. छताच्या आकड्यांना खुर्च्यांच्या विणून झालेल्या चौकटी टांगलेल्या, खाली बादली, आणि बादलीभोवती चार मुलं. पहिला नंबर होता. त्याच्या वडिलांना तो इंग्रजीच्या शिकवणीला गेलाय असं ठाऊक होतं. आणि भिंगरी होती. मांडी घालून, ओठ मुडपून, घरून आणलेल्या मोडक्या स्टुलावर काठाची पट्टी ओढत होती. मला बघून तिने फक्त मान हलवली. जिच्या आवाजाला मी वर्षभर खिडक्या लावल्या, ती झोपलेल्या बाईसाठी दोन तास कुजबुजतसुद्धा नव्हती.

मी मानपत्र काढून काकांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडात धरलं, बोट फिरवलं. काचेवर नाही, कडेवर.

“कोपरा सुटलाय,” ते हळूच म्हणाले. “कुणी केली ही चौकट? नुसता गोंद लावलाय.”

आणि त्यांनी ते पालथं घातलं, मागचे खिळे काढले, कागद आणि काच बाजूला ठेवून चौकट मांडीवर घेतली. कोपऱ्यात एक बारीक लाकडी खुंटी ठोकली, कापडात गुंडाळलेल्या हातोडीने, आवाज होऊ नये म्हणून. पहिला नंबर तो कागद उचलून वाचू लागला. वाचता वाचता त्याने माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे.

“काका,” मी म्हणाले, “तुम्ही वाचलंत का, काय लिहिलंय त्यात?”

“चष्मा तिकडे राहिला.”

चष्मा त्यांच्या गळ्यात होता.

“त्याच्यावर तुमचं नाव असायला हवं होतं. मी काही केलं नाही. मी फक्त मुलांना बाहेर काढत होते. मी तिथे हे सांगायला हवं होतं, आणि मी...” माझा आवाज चढत गेला असावा.

“हळू, बाई,” काका म्हणाले. “पोरगी झोपलीय.”

चौकट त्यांनी घट्ट करून दिली. मी दोन तास बसले. मला काही विणायला दिलं नाही त्यांनी. म्हणाले, शिकायचं असेल तर पुढच्या रविवारी या, आज चौकटी चारच आहेत. मी गेले, पुढे बरेच रविवार गेले. माझं काम वाईट होतं. मुलं मला उसवायला लावत आणि त्यात त्यांना फार आनंद होई.

वर्षभराने मुलीची बदली झाली, दूरच्या गावी, मोठ्या दवाखान्यात. काका तिच्याबरोबर गेले. आमच्या शाळेत हस्तकला आता पहिल्यापेक्षा जोरात आहे. दर शुक्रवारी संच येतात. भिंगरीला गणितात अजूनही बेताचेच गुण पडतात, कारण तिला जे येतं ते प्रश्नपत्रिकेत विचारत नाहीत. प्रश्नपत्रिका मीच काढते.

मध्यंतरी काकांचा फोन आला. मुलीच्या दवाखान्यातले वेताचे बाक दुरुस्त करायला घेतलेत म्हणाले, तिथेच, रुग्णांचे नातेवाईक बसतात त्या दालनात.

“बिचाऱ्यांचा वेळ जात नाही, बाई. आत आपलं माणूस, बाहेर हे नुसते हात चोळत बसलेले. मग देतो एकेकाला पट्टी. काल एक म्हातारे दिवसभर विणत होते. छान हात आहे.”

“डॉक्टर ओरडत नाहीत?”

“ओरडले की पहिल्या दिवशी,” काका म्हणाले. “दुसऱ्या दिवशी घरची आरामखुर्ची घेऊन आले.”